सागरविज्ञानाच्या पदवीची राहून गेलेली अट

विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.संबंधीची नवी नियमावली जारी केली, तेव्हा विद्यापीठीय वर्तुळांत चर्चा झाली ती प्रामुख्याने एकाच गोष्टीची. प्रबंध सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याचा किमान एक शोधनिबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात प्रसिद्ध झाला पाहिजे आणि दोन परिषदांत त्याने निबंध वाचले पाहिजेत, ही २०१६ च्या नियमावलीतील सक्ती काढून टाकण्यात आली होती. कोणी म्हणाले, आता दर्जा घसरणार. कोणी म्हणाले, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा धंदा बसणार. दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले-बोलले गेले. परंतु जी अट यांपैकी कोणत्याच नियमावलीत कधी नव्हती आणि जिच्यावाचून निदान सागरविज्ञानाची पदवी तरी अपुरी राहते, तिच्याविषयी अवाक्षरही निघाले नाही. ज्या किनाऱ्याचे पाणी, मासे आणि गाळ अभ्यासून विद्यार्थी पदवी मिळवतो, त्या किनाऱ्यावरील माणसांसमोर, त्यांच्या भाषेत, आपल्या संशोधनाचा जबाब त्याने दिला पाहिजे, ही ती अट होय.

आज ज्या अटी आहेत त्या पाहिल्या म्हणजे ही उणीव स्पष्ट होते. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण, मागासवर्गीय व अपंग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत, प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, त्यात संशोधन व प्रकाशनाच्या नीतिनियमांचा पाठ, दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचा आढावा, किमान तीन व कमाल सहा वर्षे मुदत, वाङ्मयचौर्याची तपासणी, बाहेरचे दोन परीक्षक, शेवटी मौखिक परीक्षा. स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा ही तरतूद स्वागतार्ह आहे. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची एक इलेक्ट्रॉनिक प्रत 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहासाठी द्यावी लागते. म्हणजे विद्यार्थी मार्गदर्शकाला, समितीला, परीक्षकांना आणि गांधीनगरच्या संग्रहालाही उत्तरदायी आहे. उत्तरदायी नाही तो फक्त ज्याच्या होडीतून त्याने पाण्याचे नमुने गोळा केले त्याला.

शोधनिबंधाची सक्ती आयोगाने काढली खरी, पण अनेक विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी ती आपापल्या नियमांत कायम ठेवली आहे, आणि जिथे नियमात नाही तिथे नोकरीच्या बाजारात ती आहेच. हे निबंध इंग्रजीत, बहुधा परदेशी प्रकाशकांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. तो सर्वांना मोफत वाचता यावा असे वाटले तर त्यांपैकी अनेक नियतकालिके एकेका निबंधासाठी लाख-दीड लाख रुपये मागतात. नसेल वाटत, तर वाचणाऱ्याने वर्गणी भरायची. हीच नियतकालिके देशातल्या सरकारी संस्थांना वाचता यावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जनतेच्या पैशाने संशोधन करायचे, ते फुकट परदेशी प्रकाशकाला द्यायचे आणि पुन्हा जनतेच्याच पैशाने विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. साखर कारखान्याने असा व्यवहार केला असता तर सभासदांनी संचालकांना सर्वसाधारण सभेत उभे केले असते. असो. ६,००० कोटींत विद्यार्थ्यांची सोय होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातला एकही रुपया बंदरावरच्या माणसाला एखादे पान त्याच्या भाषेत वाचायला मिळावे यासाठी नाही.

या शास्त्राच्या दाराशी कोण पोचतो, हा प्रश्नही यालाच लागून आहे. सागरविज्ञानातील अधिछात्रवृत्तीसाठी जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते ती इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत होते. २०२४ मध्ये आयोगाने याच परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठी धरण्याची वाट मोकळी केली आणि त्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार दिला. जिथे हा मार्ग स्वीकारला जाईल तिथे शिकवणीवर्गाची फी भरू शकणारा पुढे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. ज्याला ती मिळाली त्याचे निभते, ज्याला मिळाली नाही त्याच्या पाठीशी घरची आमदनी असावी लागते. डॉ. राममनोहर लोहिया भाषेच्या प्रश्नाला सत्तेचा प्रश्न म्हणत, तेव्हा त्यांना हेच अभिप्रेत होते.

डॉ. अदिती पंत यांचे उदाहरण या संदर्भात विचार करायला लावणारे आहे. नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातील या विदुषीने पुणे विद्यापीठातून पदवी घेतली, हवाई विद्यापीठात शिष्यवृत्तीवर सागरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण केले, लंडनमध्ये सागरी शैवालांवर प्रबंध लिहिला आणि पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. त्या खंडावर जाणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. मराठी माणसाला याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. त्यांची जिद्द व विद्वत्ता निर्विवाद आहे. तथापि त्यांचे वडील अप्पासाहेब पंत हे राजनैतिक अधिकारी होते. जगाची दारे कोणती आणि ती कशी ठोठावायची, हे त्या घराला ठाऊक होते. समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मलेली मुलगी समुद्राची शास्त्रज्ञ होऊ शकली, आणि समुद्राच्या काठी जन्मलेल्या मुलीला ही विद्या अस्तित्वात आहे हेच कोणी सांगत नाही, ही विसंगती एका व्यक्तीच्या कर्तृत्वाने झाकली जात नाही.

मुंबईत ही विसंगती डोळ्यांना दिसते. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती वर्सोव्यात उभी आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईचे केंद्रही तिथून जवळच, चार बंगला भागात आहे. या दोन्हींपासून थोड्याच अंतरावर वेसावे कोळीवाडा. देशातील मत्स्यशास्त्राचे आचार्य जिथे घडतात तिथून बोंबील वाळत घातलेल्या वलांडी फार लांब नाहीत. त्या कोळीवाड्यातल्या किती मुली या प्रयोगशाळांत संशोधक म्हणून पोचल्या, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

आणि या मुली रित्या हाताने येणार नाहीत. वेसाव्यापासून सातपाटीपर्यंत डोलीने मासेमारी होते. डोल म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड उघडे ठेवून रोवलेले पिशवीसारखे मोठे जाळे. ते मासे शोधत जात नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्याच्यात आणून टाकतो. म्हणून डोलकराचे सारे गणित प्रवाहावर चालते. उधाणात पाणी किती ओढीने धावेल, भांगात किती मंद पडेल, पाणी फिरण्याआधी जाळे कधी ओढले पाहिजे, हे त्याला चुकवून चालत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब कोकणच्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही येतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे पाठ्यपुस्तकातले विधान आणि ही पाऊणपट एकाच चंद्राकडे पाहून काढलेली आहेत. पुस्तकातले गणित अधिक सूक्ष्म आहे, यात वाद नाही. प्रत्येक बंदराची भरती तक्त्यात मिनिटांपर्यंत आगाऊ सांगता येते ती त्यामुळेच. पण ज्याच्या हाती पाऊणपट आहे तो अडाणी आणि ज्याच्या हाती तक्ता आहे तो ज्ञानी, अशी वाटणी शास्त्राने कधी केलेली नाही. ती विद्यापीठांनी केली.

प्रबंधाच्या रचनेतच ही वाटणी दिसते. पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या यंत्राचे नाव, त्याची बनावट, त्याची अचूकता 'पद्धती' या प्रकरणात दशांश चिन्हासकट नोंदवलेली असते. किनाऱ्याजवळचे बरेचसे काम संशोधन-जहाजांतून होत नाही. ते भाड्याच्या मासेमारी होड्यांतून होते. कुठे नांगर टाकायचा, कुठे खडक आहे, कोणत्या दिवशी खाडीच्या मुखाशी जाऊ नये, हे सांगणारा त्या होडीचा तांडेल प्रबंधात सापडलाच तर आभाराच्या पानावर, तोही बहुधा नावावाचून, 'स्थानिक मच्छीमार' म्हणून. त्याने दाखवलेली जागा नमुन्यांच्या नकाशावर एक ठिपका होते. त्या ठिपक्याच्या पाण्यात शिसे निघाले की पारा, माशांची अंडी कमी झाली की वाढली, हे त्याला कोणी परत येऊन सांगत नाही. त्यासाठी कुठला श्रेयांक नाही.

याचा परिणाम असा होतो की, किनाऱ्यावरच्या माणसाला विज्ञान भेटते ते फक्त प्रकल्पाच्या रूपाने. वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्या ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणीही झाली. डहाणू-पालघरच्या मच्छीमाराने आपल्या समुद्राविषयी मराठीत छापलेला शास्त्रीय मजकूर कधी पाहिला असेल, तर तो अशाच सुनावणीत वाटलेला सारांश. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, तीस दिवसांची सूचना देऊन प्रकल्पाच्या जागी वा तिच्या जवळ लोकांसमोर यावे लागते आणि लोकांनी घेतलेल्या हरकती नोंदवाव्या लागतात. या सुनावण्यांचा पुष्कळदा फार्स होतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण फार्स करण्यासाठी का होईना, भांडवलदाराला लोकांपुढे उभे राहावे लागते. विद्यापीठावर तेवढेही बंधन नाही. कारखान्याला जे कायद्याने करावे लागते ते ज्ञानाच्या मंदिराला आपणहून करावेसे वाटत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि सुनावणीच्या दिवशी मच्छीमारांच्या हाती कंपनीच्या सारांशाखेरीज दुसरा कागद नसतो, याचे कारण त्याच पाण्यावर लिहिलेले स्वतंत्र प्रबंध इंग्रजीत, संग्रहात पडून असतात.

मच्छीमारांचे म्हणणे मोजमापाच्या कसोटीला उतरत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी वरळीकडे पाहावे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या होड्या ये-जा करणार होत्या. तिथल्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे योजले होते. कोळी सांगत होते की, आडवा वारा आणि खांबांभोवती फिरणारे पाणी यांत एवढ्या फटीतून होडी सुखरूप निघणार नाही. अंतर पुष्कळ वाढवले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली, काम सुरू झाले आणि कोळ्यांचे आंदोलनही चालू राहिले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचे राज्य सरकारने मान्य केले. म्हणजे जी सूचना आराखड्याच्या वेळी एका दुपारच्या बैठकीत ऐकून घेता आली असती, ती मान्य करायला कोर्टकचेऱ्या आणि आंदोलने यांत वर्षे गेली.

गोव्याचा अनुभव याहून जुना. डोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ची, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून जन्मलेली. तिच्या आसपासच्याच किनाऱ्यांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांचा लढा उभा राहिला. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतचा तळ खरवडून काढतात आणि उद्याची मासळी आजच मारतात, हे त्यांचे सांगणे होते. मातान्ही साल्ढाणा यांच्यासारख्या शिक्षकाने ते कायद्याच्या भाषेत आणले आणि १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. केरळात पावसाळ्यातील ट्रॉलबंदीसाठी मच्छीमारांनी अशीच झुंज दिली. समित्यांमागून समित्या बसल्या आणि १९८८ मध्ये पहिली बंदी आली. दोन्ही ठिकाणी प्रश्न आधी बंदरावर विचारला गेला आणि शास्त्राच्या दप्तरात मागाहून नोंदला गेला.

याचा अर्थ बंदरावर बोलले जाणारे प्रत्येक वाक्य सत्य मानावे, असा नव्हे. मच्छीमारांत नाखवा आहे, खलाशी आहे, पर्ससीन जाळ्यांचा मालक आहे आणि टोपली डोक्यावर घेणारी बाईही आहे. त्यांचे हितसंबंध एक नाहीत आणि मासळी का घटली याची त्यांची उत्तरेही एक नाहीत. महाराष्ट्रात पर्ससीन मासेमारीवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले ते डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे, आणि त्या अहवालाचा आग्रह आजही धरतात ते पारंपरिक मच्छीमारच. शास्त्राचा कागद आपल्या भाषेत आणि आपल्या हाती आला की कष्टकरी माणूस त्याला झिडकारत नाही, त्याचे शस्त्र करतो. ज्यांना त्या शस्त्राचे भय वाटते त्यांची गोष्ट निराळी.

म्हणून मागणी नेमकी असावी. ज्या प्रबंधाचा विषय किनाऱ्यालगतचे पाणी, खाड्या, मासे, वाळू वा प्रदूषण हा आहे, त्याचा पंधरा-वीस पानांचा सारांश विद्यार्थ्याने मराठीत, कोकणीत वा त्या किनाऱ्याच्या भाषेत स्वतः लिहावा. मौखिक परीक्षेपूर्वी तो त्या गावच्या मच्छीमार सोसायटीत, ग्रामसभेत किंवा धक्क्यावर वाचून दाखवावा. तिथे विचारलेले प्रश्न आणि विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे यांचा वृत्तान्त प्रबंधाला जोडावा आणि परीक्षकांनी तो वाचावा. या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक असावेत, म्हणजे ते फावल्या वेळेचे परोपकारी काम ठरणार नाही. पदवी द्यावी की न द्यावी याचा निर्णय सभेने करायचा नाही. तो परीक्षकांचाच राहील. त्यामुळे गावच्या पुढाऱ्याने वा ट्रॉलरमालकाने विद्यार्थ्याला वेठीला धरण्याचा जो धोका काही प्राध्यापक सांगतील, तो फारसा उरत नाही. खोल समुद्राच्या तळावर वा ध्रुवप्रदेशावर काम करणाऱ्याला ही अट लावण्याचे कारण नाही. प्रायोजित प्रकल्पांतून मिळालेली माहिती गोपनीय असते, ही हरकत मात्र गंभीर आहे. तिचे उत्तर एकच : जी माहिती ज्यांच्या समुद्राची आहे त्यांना सांगता येत नाही, तिच्यावर सार्वजनिक विद्यापीठाची पदवी देऊ नये.

हे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहितीसेवा संस्था, म्हणजे 'इन्कॉइस', समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहांवरून मोजून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत देत आली आहे. तेव्हा सागरविज्ञान मराठीत सांगता येत नाही, ही सबब संपली. दुसरी गोष्ट अशी की, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांना पीएच.डी. देणाऱ्या अकादमीने आपल्या अभ्यासक्रमात सहा ते आठ आठवड्यांच्या सामाजिक प्रकल्पाला, तोही ग्रामीण भागात करावयाच्या, जागा दिली. देशातील ८० कोटी सामान्य जनांवरून त्या कार्यक्रमाला 'सीएसआयआर-८००' हे नाव मिळाले. विचार चांगला आहे. पण तो प्रकल्प प्रबंधाच्या विषयाशी जोडलेला असावा असे बंधन नसेल तर तो एका बाजूला आणि प्रबंध दुसऱ्या बाजूला राहतो. समुद्रावर प्रबंध लिहिणाऱ्याने ते सहा-आठ आठवडे बंदरावर काढले तर वर मागितलेली अट त्यातच पूर्ण होईल.

यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचीही गरज नाही. आयोगाची नियमावली किमान मर्यादा ठरवते. त्याहून अधिक काही मागायला विद्यापीठे मोकळी आहेत, आणि शोधनिबंधाच्या बाबतीत ती तसे मागतच आहेत. गोवा विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, ज्याचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीला आहे, या तिघांच्या विद्या परिषदांत पुरोगामी सदस्य आहेत. त्यांनी हा ठराव मांडावा. तोपर्यंत मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या खाडीवर आणि आपल्या समुद्रावर आजवर झालेल्या प्रबंधांची यादी विद्यापीठांकडे लेखी मागावी, आणि त्या प्रबंधांच्या कर्त्यांना, ते आज प्राध्यापक असोत की अधिकारी, बोलावणे धाडावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि तांडेल-खलाशी घरी असतात. सभेला माणसे जमण्याची अडचण त्या दोन महिन्यांत पडणार नाही.